रेवण्णा, त्या पडद्याचं काय करू?

रेवण्णा, तुम्ही शेवटचं म्हणून सांगितलेलं काम मी अजून केलेलं नाही. सफेद्याचा डबा न्हाणीच्या कोनाड्यात तसाच आहे. ब्रश भिजत घातला होता, तो वाळून काठीसारखा झाला. रोज सकाळी स्टुडिओचा केर काढताना त्या पडद्यासमोर उभी राहते, मनातल्या मनात तुमच्याशी कचाकचा भांडते आणि केर भरून बाहेर येते.

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. तापानं अंगात काही म्हणून ठेवलं नव्हतं, पण हेका गेला नव्हता. मी पेज घेऊन आले तर म्हणालात, "वैनी, मी गेल्यावर त्या पडद्यावर पांढरा हात मारा. सगळा. दरवाजा बी, तळं बी, धुराडं बी." मी म्हटलं, "बरे व्हा आणि स्वतःच मारा. मी काय तुमच्या हाताखालची आहे?" तुम्ही हसलात. तुमच्या त्या कानडीत म्हणालात, "होगली बिडु." जाऊ दे, राहू दे. मला वाटलं, उद्या सकाळी येऊन पुन्हा भांडू. सकाळी हे तुमच्या खोलीवरून परत आले आणि चप्पल न काढताच ओट्यावर बसले, तेव्हा मला कळलं.

माणसं हळहळली. "चांगला पेंटर गेला" म्हणाली. चांगला! मला तेव्हा असा राग आला की विचारू नका. तुम्ही चांगले होता म्हणून तर सगळा घोळ झाला. वाईट पेंटर असता तर आज तुम्हीही सुखात असता आणि मीही.

आमच्या घरी तुम्ही पहिल्यांदा आलात ते आठवतं. सोलापुरात शुक्रवार पेठेतला आमचा स्टुडिओ तेव्हा नवा होता. वर काचेचं छप्पर, खाली एक खुर्ची, एक तिपाई, भाड्याचा कोट, आणि मागं टांगायला एक जुना पडदा. हे फोटो काढायचे. मी फोटोच्या काचेवर पेन्सिल फिरवून लोकांच्या तोंडावरचे देवीचे वण घालवायची आणि छापून आल्यावर हातानं रंग भरायची. त्या जुन्या पडद्यावर कुण्या साहेबाची बाग होती, पायऱ्या होत्या आणि एक हंस होता. हंसाची मान इतकी वाकडी की गिऱ्हाइकं त्याला बगळा म्हणायची. तुमची नाटक कंपनी बुडाली होती. तुम्ही दारात उभे राहून त्या हंसाकडे बघितलंत आणि आमच्या यांना म्हणालात, "मालक, ह्यो आजारी हाय. ह्येला सोडा आता." मी आत होते, तिथं हसून हसून माझ्या हातातली पेन्सिल पडली. त्या दिवसापासून तुम्ही आमच्याकडे जेवायला लागलात.

अक्कलकोटच्या पलीकडचं तुमचं गाव. रागावलात की कानडी, खूश असलात की मराठी. मला पहिल्या दिवसापासून 'वैनी' म्हणालात आणि भांडताना मात्र 'मालकीणबाई'. नाटकाचे पडदे रंगवताना इंद्रसभा, अरण्य, कैलास, सगळं न बघता काढायची सवय लागलेला माणूस. आणि आमच्याकडे तुम्ही पहिलाच पडदा काढलात तो मात्र बघितलेल्या जागेचा.

तो माळ, रेवण्णा. तो मी अजून विसरले नाही. उन्हानं करपलेली जमीन, एकच बाभूळ, तिच्या तुटपुंज्या सावलीत अंग चोरून बसलेली मेंढरं. आभाळ तुम्ही निळं केलंच नव्हतं, जस्ताच्या पत्र्यासारखं केलं होतं. नुसतं बघून घशाला कोरड पडली. मी म्हटलं, "असं चित्र मी जन्मात बघितलं नाही." हे म्हणाले, "दुष्काळाचा फोटो काढायचाय का आपल्याला?" तुम्ही दोघांकडेही लक्ष दिलं नाहीत. गिऱ्हाइकाची वाट बघत बसलात.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते मेंढरं विकून मिलमध्ये लागलेलं धनगराचं जोडपं. नवरा नवं पागोटं घालून आलेला, बायकोच्या नाकात नवी नथ. मी तिचा पदर नीट केला, दोघांना पडद्यासमोर उभं केलं. त्यानं मागं वळून बघितलं आणि तो बाजूलाच झाला.

"आवो, ह्येच तर सोडून आलो की आमी! पुना ह्येच्याच म्होरं उबं ऱ्हाऊ व्हय?"

बायको त्या मेंढरांकडे बघत राहिली, आणि एका मेंढीला नावानं हाक मारावी तसे तिचे ओठ हलले. पण नवऱ्यानं हाताला धरून तिला बगळ्यासमोर नेलं. पुढं आलेल्या एकूण एक माणसांनी तेच केलं. बाभळीसमोर कुणी उभं राहीना. तुम्ही आठवडाभर आमच्याशी बोलला नाहीत, जेवायला मात्र वेळेवर यायचात.

मग एके दिवशी काही न सांगता माळावर रंगाचा हात मारलात आणि त्याच कापडावर मिल काढलीत.

आता सगळ्यांना ती मिल तोंडपाठ आहे, पण ती कुठून कशी आली ते मला आणि तुम्हालाच ठाऊक. धुराडं आमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या खऱ्या मिलचं. दरवाजा इंद्रसभेचा, लालभडक, दोन्हीकडे सोंड उचललेले हत्ती. आणि तळं तुमच्या गावचं. दुष्काळी कामावर खणलेलं ते तळं, तुमच्या आईनं त्याची माती डोक्यावरून वाहिली होती. पुढं त्यात कधी गुडघाभर पाणी टिकलं नाही. पडद्यावर तुम्ही ते काठोकाठ भरलंत, वर कमळंही काढलीत. मी विचारलं, "मिलच्या दारात कमळं कुठून आली हो?" तर म्हणालात, "मग काय वैनी, कंजूषपणा करू? रंग तर हाय की."

ते तळं बघताना तुमचा चेहरा निवळला होता. त्या चेहऱ्यावर मी भाळले आणि पुढचं काही विचारलं नाही.

मग काय विचारता! माणसं रांग लावायला लागली. सुट्टीच्या दिवशी तर गल्लीतून वाट मिळायची नाही. "धूर दिसतूय न्हवं? न्हाय तर गावाकडची म्हणतील मिल बंद हाय." धूर कमी वाटला म्हणून एकानं तुम्हाला पुन्हा ब्रश धरायला लावला, आणि तुम्ही धरलात. फोटोत रंग येत नाहीत, म्हणून कुणी हौशी असला की मी पाणी निळं करून द्यायची, दरवाजा तांबडा. मुलगा मिलमध्ये आहे हे मुलीकडच्यांना सांगायला तो फोटो पुरे होता. ज्यांना अजून कुणी आत घेतलं नव्हतं, नुसते बदलीचं काम मिळेल म्हणून रोज दारात उभे राहायचे, तेही कोट चढवून त्या लाल दरवाजासमोर ताठ उभे राहायचे. गावाकडे म्हणे देवांच्या शेजारी तो फोटो लावायचे. एका बाईनं सांगितलं, दसऱ्याला तिच्या सासूनं धुराड्याला कुंकू लावलं.

तुम्ही ऐकून खूश झालात. आता नाही म्हणू नका. तुम्ही खूश झाला होता.

मग ती माणसं यायला लागली. फोटोच्या पुठ्ठ्यामागं आमच्या स्टुडिओचं नाव आणि पेठ छापलेली. गावाकडून आगगाडीनं आलेली माणसं स्टेशनावर उतरायची, तो पुठ्ठा कुणा शिकल्यासवरल्याला दाखवायची आणि सरळ आमच्या पायरीवर. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. स्टेशनावरचा टांगेवाला आमच्या गल्लीतून जाताना ओरडायचा, "बाई, तुम्हारी मिल के लोगां आरे देखो!" त्याला गंमत वाटायची. आम्हालाही आधी गंमतच वाटली. माणसं विचारायची, "ह्या तळ्याची मिल कुटं हाय?" आम्ही सांगायचो, अशी मिल नाही, हे चित्र आहे. दुसऱ्या मिल आहेत, या रस्त्यानं जा. तर ती हलायची नाहीत. "ती न्हवं. तितं पाणी न्हाय म्हणं. आमाला हीच दाखवा." जणू आम्हीच ती मिल कुठं लपवून ठेवली होती.

आणि मग कोंडाबाई आली. तिच्यानंतर तुम्ही हसणं सोडलंत.

जेऊरकडची ती. वाळलेली, उंच, आवाज मात्र पुरुषासारखा खणखणीत. हातात तिच्या नामाचा फोटो. आमच्याच इथं काढलेला. आमचाच कोट, हत्तींचा दरवाजा, मागं धूर. फोटो गावी आला, त्यानंतर नामाची काहीच खबर नव्हती. बाई उठून थेट आली होती. तिला काम नको होतं, पाणीही नको होतं. तिला फक्त नामा ज्या मिलच्या दारात उभा होता त्या मिलच्या दारात जायचं होतं.

मी तिला आत नेलं आणि पडदा दाखवला. म्हटलं, मावशी, हे बघा, कापड आहे. हा दरवाजा नुसता रंगाचा आहे. तिनं हात लावून बघितलं. वेडी नव्हती ती, कापड तिला कळत होतं. मग तिनं तुमच्याकडे बघितलं, कारण तुमच्या बोटांना रंग होता.

"तू काडलंस व्हय ह्ये?"

"व्हय मावशी."

"मग सांग की कुटं हाय. बगितल्याबिगर काडलंस व्हय?"

तुम्ही म्हणालात, "देव बी न बगताच काडत्यात की, मावशी."

ती म्हणाली, "मग देव नसतोय व्हय?"

तुम्ही खुंटीवरचा सदरा घातलात आणि तिला घेऊन बाहेर पडलात.

मग रोज तेच. भोंगा झाला, पाळी सुटायची वेळ झाली की तुम्ही कोंडाबाईला घेऊन कुठल्या ना कुठल्या मिलच्या फाटकाशी उभे. माणसांचा लोंढा बाहेर यायचा, अंगावर कापसाचे तंतू, सगळे सारखेच दिसायचे. ती एकेकाचं तोंड बघायची. तुम्ही फोटो पुढं करून विचारायचात. कुणी म्हणायचं, बघितल्यासारखा वाटतोय. कुणी म्हणायचं, मुंबईला गेला असंल. एकानं सांगितलं, असा एक पोरगा खोकून खोकून आटला आणि चाळीतून त्याला कुठंतरी नेलं. नाव त्याला ठाऊक नव्हतं. ते कोंडाबाईनं ऐकलंच नाही असं दाखवलं. तुम्ही मात्र ऐकलंत. त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. मी ताट झाकून ठेवलं आणि वर चार शब्द सुनावले.

आपलं खरं भांडण तिथून सुरू झालं. अजून ते मिटलेलं नाही.

तुम्हाला पडदा बदलायचा होता. तळं पुसायचं, दरवाजाचे हत्ती काढायचे, तिथं चाळ, गटार, फाटकावर ताटकळलेली माणसं, आणि धुराड्यातून धूर नाही. "खरं काडतो," म्हणालात. मी म्हटलं, "खरं तुम्ही एकदा काढलं होतंत, आठवतं ना? बाभळीसमोर कुत्रंसुद्धा उभं राहिलं नाही." तुम्हाला ते लागलं. लागावं म्हणूनच मी बोलले होते.

"वैनी, माजं चित्र बगून माणसं घर सोडत्यात."

"तुमच्या चित्राला एवढी ताकद असती तर मिलवाल्यांनी तुम्हाला पगारावर ठेवलं असतं. माणसं घर सोडतात कारण घरात खायला नाही."

"घराबाहेर दुष्काळानं काडलं, व्हय. पण वाट मी दावली की. कुटं जायाचं त्ये मी दावलं."

मी तुम्हाला कापडाच्या ठाणावर चिकटवलेलं ते रंगीत तिकीट दाखवलं. कमळात लक्ष्मी, मागं मिल, दोन्ही बाजूंना हिरवीगार शेतं, आणि नदी. सोलापुरात नदी! म्हटलं, सगळेच असंच काढतात रेवण्णा. कॅलेंडरवाले काढतात, आरास करणारे गणपतीच्या मागं धुराडं उभं करतात, त्यातून चांदीच्या कागदाचा धूर काढतात. पाप काय तुमच्या एकट्याच्या माथी आहे? तुम्ही ते तिकीट उलटसुलट करून बघितलंत. म्हणालात, "ह्येंनी लक्ष्मी काडली. तिच्या मागं कुनी पोरगं हुडकत येत न्हाय. मी माणसं उबी केली त्यात."

खरं सांगू? ते खोटं नव्हतं. पण माझंही एक म्हणणं होतं, ते तुम्ही कधी धड ऐकूनच घेतलं नाहीत. आज ऐका, आज तुम्हाला उठून जाता येत नाही. मिलच्या पाळ्या करणारी एखादी बाई, बोटं चिरलेली, छातीत कापूस भरलेला, ती सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे येते. मी तिचे केस विंचरते, तोंडाला पावडर लावते आणि तिला तुमच्या तळ्याकाठी उभी करते. हे 'हलू नका' म्हणतात आणि ती हलत नाही. तेवढा वेळ ती भरल्या पाण्याच्या काठी असते. जन्मात तिला दुसरी कुठली जागा मिळणार आहे? दुरून डोंगर साजरे, ते मलाही कळतं. पण ज्यांच्या वाट्याला जवळचा डोंगरही आला नाही त्यांनी निदान चित्रातला तरी बघू नये का? तुम्ही म्हणाल, मालकीणबाई, तुमचं दुकान चालावं म्हणून बोलताय. बोलत असेन. पण तेवढ्यासाठीच नाही बोलत.

ह्यांनी पडद्याला हात लावू दिला नाही. तुम्ही मग धोतराच्या जुन्या पानावर स्वतःचं चित्र काढलंत. लांबट, गुंडाळता येईल असं. त्यात सगळं होतं. चाळ, नळावरची रांग, फाटकावर काठी घेतलेला पठाण, खोकणारा माणूस. एका कोपऱ्यात पाठमोरी कोंडाबाई. गाडीच्या वेळेला ते घेऊन स्टेशनावर जायचात. उतरणाऱ्या माणसांसमोर उलगडून धरायचात आणि ओरडायचात, "बगा, ह्ये खरं हाय! तळं न्हाय हितं! माघारी फिरा!" मी एकदा मुद्दाम बघायला आले होते, तुम्हाला सांगितलं नाही. खांबाआड उभी होते. माणसं थांबली, चित्र बघितलं. एक म्हातारा म्हणाला, "माघारी फिरून काय खाऊ, त्ये बी काड की ह्येच्यात." दुसऱ्यानं कोपऱ्यातला नळ बघून विचारलं, "म्हंजी नळाला पाणी येतंय न्हवं?" आणि ती सगळी माणसं पुढं निघाली. उलट जास्त भरभर निघाली. भर उन्हात ते कापड दोन्ही हातांनी धरून तुम्ही एकटे उभे. मला पुढं यायचा धीर झाला नाही. पुढं येऊन काय केलं असतं? भांडलेच असते.

त्याच उन्हानं तुम्हाला घेतलं, असं मी म्हणते. डॉक्टर ताप म्हणाले. डॉक्टरांना काय कळतंय.

तुम्हाला बसवून माती दिली, तुमच्या लिंगायत रीतीप्रमाणे. हे गेले होते. परत येऊन एवढंच म्हणाले, की कोंडाबाई आली होती, लांब उभी होती. नंतर आमच्यात तुमच्याविषयी बोलणंच झालं नाही. हे गिऱ्हाइकांना हसून 'हलू नका' म्हणतात आणि घरात येऊन भिंतीकडे तोंड करून पडतात. मला मात्र रडायला येत नाही. मला राग येतो. जेवताना राग येतो, पेन्सिल धरली की राग येतो. एवढा गुणी हात, आणि बघितलेला माळ काढला तर कुणी बघेना, न बघितलेली मिल काढली तर जग वेडं झालं, आणि खरं काढून स्टेशनावर धरलं तर त्यातलाही नळच लोकांनी उचलला. मग काढायचं तरी काय माणसानं, रेवण्णा? हे तुम्ही मला सांगून जायला हवं होतं. पडदा पुसा म्हणणं सोपं आहे.

तरी गेल्या आठवड्यात मी ठरवलं होतं. हे अक्कलकोटला लग्नाचे फोटो काढायला गेले होते. घरात कुणी नव्हतं. सफेदा कालवला. ब्रश बुडवला. धुराड्यापासून सुरुवात करायची म्हणून स्टुलावर चढले, तोच दारात खणखणीत आवाज आला.

"बाय, हाईस का घरात?"

कोंडाबाई. ती गावी गेलेलीच नाही. मिलमागं चिंध्या निवडायला जाते, तिच्या गावच्या लोकांच्यात पडते. लुगडं धुऊन नेसली होती, केसांना तेल लावलेलं. मी स्टुलावर, हातात पांढरा ब्रश. तिनं ब्रश बघितला, पण काय चाललंय ते तिला उमगलं नाही. म्हणाली, "माजा फोटू काड."

"कशाला हो मावशी?"

"नामाच्या दारात उबी ऱ्हाते. तुज्या त्या काचंच्या कपाटात लाव, रस्त्यावरनं दिसतोय त्यात. मिलातली समदी माणसं हितनं जात्यात. त्यो बी जाईल कंदी तरी. त्येला कळंल, आय आली हुती."

मी स्टुलावरून उतरले. ब्रश डब्यात ठेवला. तुम्ही असता तर काय केलं असतंत, ते मला माहीत नाही. तुम्ही तिला सांगितलं असतंत का, की हे नामाचं दार नव्हे? ते तर तुम्ही महिनोन्महिने तिला सांगत होता. तिनं ते ऐकून घेतलं, तुमच्याबरोबर सगळी खरी फाटकं हिंडून बघितली, आणि शेवटी या खोट्यासमोर येऊन उभी राहिली, कारण तिचा मुलगा तिला दिसला होता तो इथंच. दुसऱ्या कुठल्या दारात तो तिला दिसलेला नाही.

मला कॅमेरा लावता येतो, तुम्हाला माहीत आहे. काच भरली. काळ्या फडक्याखाली डोकं घातलं आणि बघते तर बाई पाठमोरी. कॅमेऱ्याकडे पाठ आणि दरवाजाकडे तोंड.

"मावशी, तोंड इकडं करा. इकडं बघायचं."

ती वळलीच नाही. तशीच म्हणाली, "पोरगं आतनं यायाचं की गं. तिकडं कशाला बगू?"

फडक्याखाली मी एकटी होते, रेवण्णा. तुम्ही गेल्यापासून मी पहिल्यांदा तिथं रडले. मग बाहेर आले आणि 'हलू नका' म्हटलं. ती काय हलणार?

हे परत आल्यावर त्यांनी काच बघितली. म्हणाले, "पाठमोरा फोटो कुणी लावतं का? गेली ही काच. पुसून टाक, दुसरी काढू." मी म्हटलं, पुसणार नाही. आणि छापून तो मी रस्त्याकडच्या कपाटात लावला, मधोमध, नवरानवरीच्या फोटोंना बाजूला सारून. रंग भरला नाही. पाणी निळं केलं नाही.

नामा अजून आलेला नाही. मिलची माणसं थांबतात, बघतात, काही जण टोपी काढतात, का ते त्यांनाच माहीत. कोंडाबाई एक दिवसाआड येऊन फोटो जागेवर आहे का बघून जाते. आणि पडदा जागेवर आहे. आता त्याच्यावर सफेदा फिरवायचा म्हणजे त्या म्हातारीच्या तोंडासमोरचं दार पुसायचं. हे मी करू का? तुम्ही सांगितलंत म्हणून करू? तुमच्यासाठी मी पुष्कळ केलं असतं, पण हा हात माझ्यानं उचलत नाही. आणि नाही पुसलं तर गाडी रोज येतेच आहे.

काल दुपारची आली. करमाळ्याकडची बाई, तरणी, डोक्यावर बोचकं, नवरा मागं पोराला घेऊन. हातात तोच पुठ्ठा. मी नेहमीचं सांगायला तोंड उघडलं, अशी मिल नाही, हे चित्र आहे म्हणून. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती कपाटातल्या कोंडाबाईच्या पाठीकडे बघत होती. मग तिनं विचारलं,

"ही बाय कवापासनं उबी हाय?"

"पुष्कळ दिवस झाले."

"दार उगडलं का मग?"

नाही म्हणायचं होतं मला. असं दारच नाही, असं सांगायचं होतं. तुमची शपथ, तेच ओठावर होतं. पण मी म्हटलं, "अजून नाही."

तिनं मान हलवली. डोक्यावरचं बोचकं उतरवून आमच्या पायरीवर ठेवलं, पोराला नवऱ्याकडून घेतलं आणि पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"मग बसतो की," म्हणाली.